चित्रदर्शन आणि गडदर्शन

दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब कोठे जावे, हा विषय वाङ्मयविवेचनास वाहिलेल्या मासिकाच्या पानांत आणावा की नाही याविषयी आम्ही काही दिवस साशंक होतो. परंतु आमच्या घरी या प्रश्नावरून जो वाद तीन आठवडे चालला तो अखेरीस कलेच्या प्रयोजनाचाच वाद ठरला. आणि त्यात एका बाजूस आमचे चिरंजीव, दुसऱ्या बाजूस आम्ही, व या दोघांच्याही वर आमच्या ८२ वर्षांच्या मातोश्री असल्यामुळे त्याचा निकाल लावल्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवाय या वादात ज्या कवीची साक्ष आम्ही काढली तो आमच्याच गोंदिया जिल्ह्यातला, असे मानण्यास विद्वानांचा आधार आहे. तेव्हा वाचक क्षमा करतील अशी उमेद वाटते.

प्रस्ताव चिरंजीवांचा. नातू यंदा चौथीत आहे, आणि महाराष्ट्रात चौथीचे वर्ष म्हणजे शिवचरित्राचे वर्ष. मुलाने जे पुस्तकात वाचले ते डोळ्यांनी पाहावे, यासाठी पुण्याजवळ नऱ्हे-आंबेगाव येथे असलेली ‘शिवसृष्टी’ त्यास दाखवावी, असे त्यांचे म्हणणे. हल्ली ज्यास ‘थीम पार्क’ म्हणतात त्या जातीचे, पण नुसत्या करमणुकीहून गंभीर हेतूचे असे हे स्थळ आहे. बाबासाहेब पुरंदरे यांनी ते कल्पिले, २१ एकरांवर ते टप्प्याटप्प्याने उभे राहत आहे, आणि त्यातील ‘सरकारवाडा’ हा पहिला भाग १९ फेब्रुवारी २०२३ रोजी लोकांस खुला झाला. तो पाहावयास स्वतः बाबासाहेब राहिले नव्हते. १५ नोव्हेंबर २०२१ रोजीच त्यांचे निधन झाले होते. आत गडांच्या प्रतिकृती आहेत, शस्त्रांचे दालन आहे, आणि ध्वनी व प्रकाश यांच्या योजनेने आग्र्याहून सुटकेचा प्रसंग उभा केलेला आहे.

आम्ही स्वतः एकदा परीक्षेच्या कामानिमित्त पुण्यास गेलो असता ही शिवसृष्टी पाहून आलो होतो, म्हणून केवळ ऐकीव माहितीवर नाक मुरडीत होतो असे कोणी समजू नये. तेथील परिश्रम, नेटकेपणा व श्रद्धा ही तिन्ही मान्य केलीच पाहिजेत. ज्या पुरुषाने ‘राजा शिवछत्रपती’ घराघरांत पोचविले आणि पुढे १९८५ साली ‘जाणता राजा’ हे महानाट्य हत्तीघोड्यांसह उघड्या मैदानावर आणले, त्याच्याच प्रतिभेचे हे तिसरे रूप आहे: प्रथम शब्द, मग नाट्य, आणि शेवटी वास्तू. बाबासाहेबांच्या इतिहासलेखनाविषयी विद्वानांत मोठे मतभेद आहेत. २०१५ साली त्यांस ‘महाराष्ट्रभूषण’ पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या मतभेदांनी केवढे उग्र रूप धारण केले हे वाचकांस आठवत असेलच. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमचा प्रश्न निराळा व, आमच्या मते, अधिक जवळचा आहे. इतिहास असा उभारून दाखविला म्हणजे पाहणाराच्या मनाचे काय होते?

या प्रश्नास वाचा फोडली ती मातोश्रींनी. चिरंजीवांनी त्यांस फिरत्या दूरध्वनीच्या पडद्यावर रायगडाची चित्रफीत दाखविली आणि म्हटले, “आजी, तुझ्याने गड चढवणार नाही. शिवसृष्टीत सगळं सपाटीवर आहे, चाकाच्या खुर्चीतून पाहता येईल.” आईने चित्रफीत दोन वेळा पाहिली आणि आपल्या झाडीच्या बोलीत एवढेच सांगितले, “मले गड पाहाचा हाये. गडाची बाहुली नाही.”

हे उत्तर ऐकताच आम्हांस भवभूतीची आठवण झाली. ‘महावीरचरित’ व ‘मालतीमाधव’ यांच्या प्रस्तावनांत आपल्या पूर्वजांचे म्हणून ज्या पद्मपुराचा तो उल्लेख करतो, ते आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. आमगाव गोंदियाहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या वाटेवर. तेथील महाविद्यालयासही भवभूतीचेच नाव आहे. इतिहासाचे दृश्य पाहणाऱ्या कुटुंबाचे सर्वांत सूक्ष्म वर्णन आम्हांस तरी त्याच्याच ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात आढळते.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. राज्याभिषेक होऊन गेलेला, जनक परतलेले, सासवा यज्ञासाठी दूर गेलेल्या, आणि गरोदर सीता उदास. तिच्या मनोरंजनासाठी लक्ष्मण भिंतीवर रंगविलेली रामचरित्राची चित्रे दाखवावयास घेऊन जातो. म्हणजे येथेही एक दालन आहे, एक वाटाड्या आहे, आणि पाहणारे कुटुंब आहे. परंतु पाहणे कसे चालले आहे ते पाहा. विवाहाच्या चित्रापाशी लक्ष्मण एकेका वधूचे नाव सांगतो आणि स्वतःच्या पत्नीपाशी येताच थांबतो. सीता मिस्कीलपणे विचारते की ही आणखी एक कोण. तेव्हा तो लाजून परशुरामाकडे बोट वळवितो. परशुरामाचा पराभव लक्ष्मण वर्णू लागतो तोच राम त्यास अडवितो आणि पुढचे दाखवावयास सांगतो, कारण आत्मस्तुती त्यास सोसवत नाही. मंथरेचे चित्र येते तेव्हा राम त्याविषयी चकार शब्द न काढता शृंगवेरपुराकडे वळतो, आणि मधल्या मातेचा वृत्तांत आर्यांनी गाळला हे लक्ष्मणाच्या ध्यानात येते. शूर्पणखा दिसताच सीता घाबरून रामास बिलगू पाहते, आणि हे चित्र आहे, असे रामास तिला सांगावे लागते. पुढे माल्यवान पर्वतापाशी तर तोच राम, ज्याने तिला धीर दिला, थांब थांब म्हणून लक्ष्मणास विनवितो.

चित्रकाराने काय रंगविले याला या अंकात दुय्यम स्थान आहे. प्रत्येक चित्रापाशी पाहणारा काय आठवतो, काय गाळतो, कशास भितो, कशास लाजतो यांतच सर्व नाट्य साठविलेले आहे. आणि चित्रे पाहून झाल्यावर सीतेस काय वाटते? आणखी चित्रे पाहावीत असे नव्हे. तिला पुन्हा त्या वनांत हिंडावेसे आणि भागीरथीत स्नान करावेसे वाटते. चित्राने तिला प्रत्यक्षाची ओढ लावली. (त्या इच्छेचे पुढे जे झाले ते वाचकांस ठाऊकच आहे, आणि ते आम्ही आईस सांगितले नाही.)

इतके झाल्यावर चिरंजीव म्हणाले, “बाबा, मग भवभूती माझ्याच बाजूचा झाला. आधी चित्र, मग वन.” मुद्दा चातुर्याचा होता आणि आम्हांस त्यावर रात्रभर विचार करावा लागला. सकाळी जे उत्तर सुचले ते असे. सीतेने वन आधी भोगले होते. चित्र तिच्या स्मृतीस नुसते हालविते. स्मृतीची जागा ते घेत नाही, घेऊ शकत नाही. आमच्या नातवाजवळ अशी स्मृती नाही. त्याने अंधाऱ्या दालनात, गंभीर आवाजाच्या साथीने, रंगीत प्रकाशात जे पाहिले तेच त्याची स्मृती होणार. उद्या रायगडाच्या माथ्यावर उभा राहून तो त्या पडक्या जोत्यांकडे पाहील आणि म्हणेल की पुण्याचा यापेक्षा चांगला होता.

यात अतिशयोक्ती आहे असे वाटत असेल तर एका परकीय साक्षीदाराची गोष्ट सांगतो. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला त्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. सोन्याने मढविलेल्या भाल्यांची टोके, माशांची मुंडकी, तराजू, हे सर्व त्याने टिपून ठेवले आहे. पण राजवाड्याच्या दारी हत्ती उभे पाहून त्यास जो प्रश्न पडला तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. इतक्या अवघड वाटेने हे जनावर वर आणले तरी कसे? हा प्रश्न त्यास पडला याचे कारण तो स्वतः ती वाट चढून आला होता. सपाट जमिनीवरच्या हत्तीचे कोणास नवल? प्रतिकृती कितीही हुबेहूब असो, तीत दरवाजा येतो, सिंहासन येते, हत्तीही येतो; चढ तेवढा येत नाही, आणि चढ गेला की हत्तीचे आश्चर्यही त्याच्याबरोबर जाते.

दुसरी गोष्ट अशी की ज्या प्रसंगांस दृश्यरूप देणे सोपे तेच अशा स्थळी पुढे सरसावतात. पेटारे, तलवार, सिंहासन ही डोळ्यांची सामग्री होय. याच राज्याभिषेकाच्या सुमाराचे महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळुणास छावणी करून असलेल्या लष्करास त्यात बजाविले आहे की दाणावैरण बेताने वापरा, रयतेकडून काही ओरबाडू नका, आणि रात्री दिवा जळत ठेवून निजू नका. उंदीर जळती वात पळवील आणि गवताच्या गंज्या पेटतील. ज्या राजास आपल्या पागेच्या गवतापाशी येणारा उंदीर दिसत होता त्या राजाची थोरवी आम्हांस तरी या पत्रात आग्र्याच्या पेटाऱ्यांइतकीच दिसते. तो उंदीर कोणत्या प्रकाशझोतात दाखवावयाचा? हा दोष शिवसृष्टीचा म्हणून आम्ही सांगत नाही. तो त्या कलाप्रकाराचाच स्वभाव आहे. आणि तो केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. फ्रान्सच्या वांदे प्रांतात ‘प्युई द्यू फू’ नावाचे असेच एक विख्यात स्थळ असून तेथे १९७८ पासून इतिहासाचे भव्य खेळ होतात. प्रेक्षक वर्षाकाठी लाखांनी येतात. २०२२ साली तेथील चार इतिहासकारांनी एक स्वतंत्र पुस्तक लिहून त्या इतिहासाची झाडाझडती घेतली आणि स्थळाच्या नावावर कोटी करून पुस्तकाच्या मथळ्यातच त्यास खोटे ठरविले. प्रेक्षकांच्या गर्दीवर त्या पुस्तकाने फारसा परिणाम झाल्याचे दिसत नाही. डोळ्यांस पटलेल्या गोष्टीस छापील कागद सहसा हटवीत नाही.

आता चिरंजीवांची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी रायगड जळला. आज तेथे राजवाड्याची जोती आणि बाजारपेठेच्या दगडी रांगा उरल्या आहेत. नऊ वर्षांच्या मुलास त्या दगडांत काय दिसणार? जाणत्यास भग्नावशेष बोलतात, मुलास ते कंटाळवाणे वाटतात. म्हणून आधी पूर्ण आकृती दाखवावी आणि मग तिचे अवशेष. शिवाय आजीचे काय? पायऱ्या चौदाशेंहून अधिक आहेत. यावर १९९६ पासून रायगडास पाळणा आहे, चार-पाच मिनिटांत वर नेतो, असे आम्ही सांगितले. तेव्हा त्यांनी हसून विचारले की पाळण्याने गेल्यावर तुमच्या त्या चढाचे आणि हत्तीच्या नवलाचे काय झाले? या प्रश्नावर आम्ही निरुत्तर झालो, हे प्रांजळपणे नमूद करतो.

कोंडी फोडली ती सूनबाईंनी. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवितात आणि वादापेक्षा प्रयोगावर त्यांचा भरवसा अधिक. त्या म्हणाल्या, मुलास दगडांत काही दिसते की नाही हे पाहावयास रायगडापर्यंत जाण्याचे कारण काय? आपल्या जिल्ह्यात प्रतापगड आहे.

येथे इतर प्रांतांतील वाचकांसाठी खुलासा हवा. जावळीचा, अफझलखानाच्या भेटीचा तो प्रतापगड हा नव्हे. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या परिसरात या नावाची एक टेकडी असून तिच्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तेथे महादेव आहे, महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते, आणि एक दर्गाही आहे. यात्रेकरू दोन्हीकडे माथा टेकतात. शिवछत्रपतींचा या गडाशी संबंध नाही. त्यांच्या हयातीत आमचा हा झाडीचा मुलूख गोंड राजांच्या सत्तेखाली होता; मराठ्यांचा अंमल येथे आला तो नागपूरकर भोसल्यांबरोबर, अठराव्या शतकाच्या मध्यास. चौथीच्या मुलांस हे कोणी सांगत नाही. “महाराज आपल्याकडे आले होते का?” असे मूल विचारते, आपण नाही म्हणतो, आणि आपल्या गावास इतिहासच नाही अशी त्याची समजूत होऊन बसते. १८१८ साली, म्हणजे रायगड पडला त्याच वर्षी, कामठ्याच्या चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले होते. ते कामठे गोंदियाहून हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या नातवाने ते नाव ऐकले नव्हते. खरे सांगावयाचे तर चिरंजीवांनीही नव्हते, आणि हा दोष कोणाचा हे आम्ही जाणून आहो.

पोळ्यानंतरच्या रविवारी गाडी ठरवून आम्ही प्रतापगडास गेलो. आई पायथ्याशी बसल्या. वर जाईपर्यंत मुलास घाम फुटला आणि पिशवीतील पाणी संपले. वरती त्यास दाखविण्याजोगे आमच्याजवळ काही नव्हते. ध्वनी नाही, प्रकाश नाही, फलकावर लिहिलेली कथाही नाही. तरी त्याने जे प्रश्न विचारले ते सूनबाईंनी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले. येथे राहणारे लोक पाणी कोठून आणीत? खालून कोणी येत असेल तर त्यांस आधी कोणत्या बाजूने दिसे? दगड वर कोणी वाहिले, त्यांस पैसे मिळाले का? आणि शेवटी, खान येथेच मेला का? हा चौथा प्रश्न पुस्तकाचा. पहिले तीन टेकडीचे. आम्ही ३४ वर्षे नाटके शिकविली; प्रेक्षकाने विचारलेला प्रश्न हे प्रयोगाच्या यशाचे माप मानावे, असे आमचे मत आहे. आमच्या झाडीपट्टीत पिके निघाल्यावर रात्रभर जी नाटके होतात त्यांत छत्रपतींचे सोंग घेणारा इसम दिवसा काय धंदा करतो हे पुष्कळदा सर्व गावास ठाऊक असते. तरी पहाटेपर्यंत लोक त्यास राजा मानतात, कारण उरलेला राजा ते स्वतः पुरवितात. जेथे सर्वच पुरविले जाते तेथे प्रेक्षकाने आणावयाचे काय?

पुढच्या आठवड्यात नातवाने अंगणात मातीचा किल्ला केला. पुण्याकडे दिवाळीस मुले असे किल्ले करतात, त्यांवर अळीव पेरतात, मावळे मांडतात. आमच्याकडे ती चाल नाही, त्याने ती चित्रांत पाहिली असावी. बुरूज वेडेवाकडे झाले, दरवाजा तर विसरलाच. पण पहिल्या दिवशी, तटाची माती ओली असतानाच, त्याने वरती एक खळगा करून त्यात तांब्याभर पाणी ओतले. ते मुरून गेले. त्याने आजीच्या डब्याचे झाकण आणून खळग्यात बसविले आणि पुन्हा पाणी ओतले. चिरंजीव ओसरीवरून हे पाहत होते. काही वेळाने ते आत आले व म्हणाले, “ठीक आहे बाबा. आधी रायगड.”

तेव्हा बेत असा ठरला आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघून थेट कोल्हापुरास जाते. १,३०० किलोमीटरांहून लांबचा हा मार्ग सगळा राज्याच्या आतच आहे. आम्ही पुण्यास उतरणार. वाटेत अहिल्यानगर लागते, २०२४ पर्यंत ज्याचे नाव अहमदनगर होते ते. मलिक अंबरने ज्या निजामशाहीसाठी मोगलांशी झुंज दिली, शहाजीराजांनी जिच्यासाठी शेवटची खटपट केली, तिची ती जुनी राजधानी. पण ती रात्रीच्या प्रवासात येते, आणि सर्व मंडळी तीवरून झोपेतच जाणार. पुण्याहून ताम्हिणी घाटाने रायगड. आई, सौभाग्यवती व सूनबाई पाळण्याने जातील. नातू, चिरंजीव व आम्ही पायऱ्यांनी. पाळण्याचे काय, या चिरंजीवांच्या प्रश्नास आईनेच उत्तर दिले: त्यांनी त्यांच्या ८२ वर्षांत पुष्कळ चढ चढले आहेत, तेवढ्यावर हत्तीचे नवल त्यांस कळेल. तिसऱ्या दिवशी पुण्यास परत येऊन शिवसृष्टी. ती आता वगळावी असे आम्ही सुचविले होते, पण नातवाने ऐकले नाही. गडावरचे पाणी त्यांनी तेथे बरोबर दाखविले आहे की नाही, हे त्याला तपासावयाचे आहे.

आरक्षण हल्ली ६० दिवस आधी खुले होते. चिरंजीवांनी पहाटेपासून जागून सहा तिकिटे काढली. पाच निश्चित झाली, सहावे प्रतीक्षायादीत आहे. आणि ते आमचे, असे घरात सर्वानुमते ठरले आहे.